सोयाबीन खरेदीचा डॅशबोर्ड: मेटाबेस की सुपरसेट? लातूरकडच्या एका शेतकरी कंपनीचं प्रकरण

लातूर जिल्ह्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी आहे, नाव लिहीत नाही कारण संचालक मंडळाशी तसंच ठरलंय, बाकी डॅशबोर्डसाठी, म्हणजे सगळे आकडे आणि चार्ट एका स्क्रीनवर दाखवायला, मेटाबेस आणि सुपरसेट या दोन सॉफ्टवेअरमधनं एक कसं निवडलं ते जसंच्या तसं मांडतो. सोयाबीन, तूर आणि हरभरा. नऊ गावांत खरेदी केंद्रं, एक मुख्य गोदाम, गोदामाला लागून वजनकाटा. माल केंद्रावर येतो, तिथं मॉइश्चर (ओलावा), माती, काडीकचरा बघून पट्टी होते, म्हणजे वजन, कपात आणि रक्कम लिहिलेली चिठ्ठी, मग गाडी भरून गोदामात, तिथं परत वजन, परत मॉइश्चर, आणि पुढं चाळणी लावून विक्री. सभासद सगळे आसपासच्या गावचे, बहुतेक दोन-चार एकरवाले, त्यांचा दिवाळीचा खर्च या पट्टीवर असतो हे आधी लक्षात घ्या, कारण टूल निवडताना शेवटी हीच गोष्ट सगळ्यात वर आली.

अडचण अशी होती की माहिती सगळी होती पण एका जागी नव्हती. काट्याचं सॉफ्टवेअर स्वतःच्या डेटाबेसमधी लिहितंय, अकाउंट टॅलीत, केंद्रावरची रोजची खरेदी गुगल शीटमधी, बारदान्याचा, म्हणजे रिकाम्या पोत्यांचा हिशोब एका एक्सेलमधी आणि उरलेलं सगळं व्हॉट्सॲपवर. संध्याकाळी सात वाजले की अकाउंटंट काका नऊ जणांना फोन लावायचे, आज किती कट्टे, किती क्विंटल, सरासरी मॉइश्चर किती, आणि ते सगळं एका कागदावर लिहून सीईओ मॅडमला द्यायचे. हंगाम जोरात असला की हे रात्री दहापर्यंत चालायचं. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली त्यानंतर तर माल ओलाच यायला लागला, रोज मॉइश्चरवरनं वाद, आणि मंडळाच्या बैठकीत एकच प्रश्न परत परत: केंद्रावर बारा लिहिलंय, गोदामात साडेतेरा भरतंय, हे मधी होतंय काय?

तिथनं डॅशबोर्डचा विषय निघाला.

पहिला विचार अर्थातच मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआयचा झाला, कारण एका संचालकांचा मुलगा पुण्यात कंपनीत तेच वापरतो. पॉवर बीआय वाईट नाही, उलट लई ताकदीचं आहे, डेस्कटॉप आवृत्ती फुकट पण मिळते. पण केलेला रिपोर्ट दुसऱ्याला नीट शेअर करायचा म्हणलं की माणशी प्रो लायसन्स लागतं, जे एप्रिल २०२५ पासून महिन्याला १० डॉलरचं १४ डॉलर झालं. मॅडम, काका, गोदाम मॅनेजर, नऊ केंद्रचालक, संचालक, असे सगळे धरले तर शेतकरी कंपनीला ते परवडण्यासारखं नाही, आणि वर्षातनं चार महिने कामाचे, बाकी आठ महिने कुणी उघडणार पण नाही. गुगलचं लुकर स्टुडिओ फुकट आहे, गुगल शीटला लगेच जोडलं जातं, आणि खरं सांगायचं तर ज्यांची सगळी माहिती शीटमधीच आहे त्यांनी आधी तेच करून बघावं. इथं मात्र काट्याचा डेटा आणि टॅली दोन्ही आणायचं होतं, आणि शेतकऱ्यांचे बँक खाते नंबर असलेली माहिती आपल्या ताब्यातल्या सर्व्हरवर असावी असा मंडळाचा आग्रह होता, तो मला पटलेला आहे.

म्हणून ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो आणि जे आपल्याच सर्व्हरवर बसवता येतं. त्यातही पर्याय ढीगभर आहेत, पण आमच्या कामाला चारच बघितले.

ग्राफाना लवकर बाजूला ठेवलं. २०१४ चं टूल, मशीनचे आकडे दर सेकंदाला येत असतील तर त्याच्या तोडीचं दुसरं नाही, उद्या गोदामात तापमान आणि दमटपणाचे सेन्सर बसवले तर पहिलं तेच घेईन. पण पट्टी, शेतकरी, गाव, केंद्र, असा व्यवहाराचा डेटा त्याच्यात बसवायला जबरदस्ती करावी लागते.

रीडॅश मला स्वतःला आवडतं. एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) लिहा, चार्ट घ्या, संपलं. पण २०२० मधी डेटाब्रिक्स कंपनीनं ते विकत घेतलं, २०२१ च्या शेवटी त्यांच्याच सर्व्हरवर चालणारी सेवा बंद झाली, त्यानंतर ते समुदायावर चाललंय आणि पुढची स्थिर आवृत्ती यायला थेट २०२५ उजाडलं. शिवाय ज्याला एसक्यूएल येत नाही त्याच्यासाठी त्यात काहीच नाही, आणि आमच्या काकांना एसक्यूएल येत नाही. काका एम.कॉम. आहेत, टॅलीत त्यांचा हात असा चालतो की बघत राहावं, पण क्वेरी लिहा म्हणलं तर ते शक्य नाही आणि त्यांनी ते शिकावं अशी अपेक्षाही करू नये.

राहिले दोन. मेटाबेस आणि ॲपॅची सुपरसेट.

सुपरसेट २०१५ मधी एअरबीएनबी कंपनीत सुरू झालं, मॅक्सिम बोशमाँ हा त्याचा मूळ माणूस, आणि जानेवारी २०२१ मधी ते ॲपॅची फाउंडेशन या ना-नफा संस्थेचं मुख्य दर्जाचं प्रोजेक्ट झालं. लायसन्स ॲपॅची २.०, म्हणजे बदल करा, विका, फक्त मूळ लायसन्सची सूचना सोबत ठेवा, मागं कुणी येत नाही. मेटाबेस पण २०१५ चंच, पण त्याच्यामागं एकच कंपनी आहे, मोफत आवृत्ती एजीपीएल लायसन्सखाली आणि काही सोयी पैसे भरून. ही दोन वेगळी घराणी आहेत. मंडळातल्या आप्पांनी नेमका हाच प्रश्न विचारला, "आज फुकट देतेत, उद्या पैशे मागाया लागले तर?" लई बरोबर प्रश्न. उत्तर असं की जी आवृत्ती एजीपीएलखाली बाहेर आली ती तशीच राहते, ती परत घेता येत नाही, पण पुढच्या आवृत्त्या कशा येतील हे कंपनी ठरवणार, आणि सुरक्षेचे पॅच मिळणं थांबलं की जुनं टूल वापरणं धोक्याचं होतं. सुपरसेटच्या बाबतीत ही भीती कमी, कारण ते एका कंपनीच्या हातात नाही. आणि एजीपीएल म्हणजे आपला डेटा उघडा करावा लागतो असं जे काही लोक समजतात तसं काही नसतं, टूलच्या कोडमधी बदल करून ते दुसऱ्यांना नेटवर वापरायला दिलं तर बदललेला कोड द्यावा लागतो, एवढंच.

आता तपासणी कशी केली ते सांगतो, कारण मला वाटतं या प्रकरणात उपयोगी पडलं ते हेच. फीचरची यादी करून टिकमार्क करणं आम्ही केलंच नाही. चार्टचे प्रकार कुणाचे जास्त, हे तर मोजायचंच नाही असं आधीच ठरवलं. त्याऐवजी मॅडम, काका आणि गोदाम मॅनेजर यांना विचारलं की हंगामात रोज तुम्ही कुणाला काय विचारता आणि उत्तर आलं की पुढं काय करता. त्यातनं जे निघालं ते असं: आज कुठल्या केंद्रावर किती माल आला आणि त्याचं मॉइश्चर काय, म्हणजे उद्या कुठं गाडी पाठवायची. केंद्राचं वजन आणि गोदामाचं वजन यात फरक कुठं पडतोय. बारदाना कुठं संपत आलाय. लातूर बाजार समितीत आज काय भाव निघाला आणि आपण काय दिला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पट्टी झालीये पण पैसे गेले नाहीत असे शेतकरी कोण आणि किती दिवसांपासून. हा शेवटचा प्रश्न काकांनी सांगितला तेव्हा म्हणाले, "सर, एक माणूस चार येळा येऊन गेला ना, की मला जेवण जात नाही." खात्याचा आयएफएससी बदललेला असतो, नाव जुळत नाही, खातं बंद पडलेलं असतं, आणि ते परत आलेलं पेमेंट टॅलीत कुठंतरी पडून राहतं, शेतकरी तिकडं वाट बघतोय.

मग दोन्ही टूल एकाच डेटावर उभे केले, सगळा डेटा पोस्टग्रेस नावाच्या एका डेटाबेसमधी, आणि माऊस काकांच्या हातात दिला. मी शेजारी गप्प बसायचं एवढंच काम.

सुपरसेटमधी काका अडकले. आधी डेटासेट निवडा, मग चार्ट निवडा, मग मेट्रिक, डायमेन्शन, टाइम ग्रेन, हे सगळं ज्याला माहितीये त्याला सोपं वाटतं. पण दोन टेबल जोडायचे असले, म्हणजे केंद्राची पट्टी आणि गोदामाची पावती, तर सुपरसेटच्या चार्टच्या स्क्रीनवर ती सोय नाही, आधी एसक्यूएल लिहून तसा डेटासेट बनवून द्यावा लागतो. तो कुणीतरी बनवून दिला की सुपरसेट एक नंबर चालतं. प्रश्न हा की रोज नवा प्रश्न पडला की तो कुणीतरी कोण?

मेटाबेसमधी काकांनी केंद्रनिहाय खरेदीचा बार चार्ट उघडला, मुरुडकडच्या केंद्राचा बार उंच दिसला म्हणून त्यावर क्लिक केलं, खाली पर्याय आला की या नोंदी बघा, त्यांनी बघितल्या, पट्ट्यांची यादी आली, त्यात मॉइश्चरच्या कॉलमवर क्लिक करून वितरण मागितलं आणि समोर हिस्टोग्राम, म्हणजे कुठल्या आकड्याच्या किती नोंदी ते खांबांनी दाखवणारा चार्ट. कुणी काही शिकवलं नव्हतं. आणि तो हिस्टोग्राम बघून खोलीतले सगळे गप्प झाले, कारण ११ च्या आसपास थोडे, ११.५ ला थोडे, मग बरोबर १२ वर एक उंच खांब आणि १२ च्या पुढं जवळजवळ काहीच नाही. ओल्या वर्षात, अतिवृष्टीनंतर, असं वितरण शक्यच नाही.

इथं थोडं थांबून सांगतो, कारण हे कळल्याशिवाय त्या खांबाचा अर्थ लागत नाही. सोयाबीनला हमीभावाच्या खरेदीत मॉइश्चरची मर्यादा १२ टक्के असते (२०२४ च्या हंगामात केंद्रानं ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती, ती त्या हंगामापुरती), आणि ही कंपनी स्वतःच्या खरेदीतही १२ च्या वर कपात करते. समजा केंद्रावर १०० क्विंटल माल १२ चा म्हणून घेतला आणि खरं मॉइश्चर १३.५ आहे. त्यात कोरडा माल ८६.५ क्विंटल. तो वाळून १२ वर आला की वजन भरतं ९८.३ क्विंटल. म्हणजे १.७ क्विंटल पाणी कंपनीनं सोयाबीनच्या भावानं विकत घेतलं. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये धरला तर १०० क्विंटलमागं नऊ हजारांच्या वर गेले. आणि हे पैसे शेवटी सभासदांचेच.

केंद्रचालकावर संशय घेणं सोपं होतं, एका संचालकांनी घेतलाही. पण मॅडमनी तसं होऊ दिलं नाही, ही त्यांची मोठी गोष्ट. त्यांनी सगळ्या केंद्रांचे मीटर एकाच पोत्यातल्या नमुन्यावर लावून बघायला सांगितले. मीटर आपापसात जुळत नव्हते, नमुना पोत्याच्या वरच्या थरातला घेतला की कोरडा लागत होता, आणि चालक गावातलाच माणूस, समोर ओळखीचा शेतकरी, १२.४ आलं तर तो १२ लिहितो, कारण एवढ्याशा फरकासाठी भांडण कोण करणार. यात चोरी नव्हती. मीटर एकसारखे करून घेतले, नमुना तीन ठिकाणांवरनं घ्यायचं ठरलं, आणि दशांश लिहिणं सक्तीचं केलं. हे टूलनं केलं नाही, माणसांनी केलं. पण तो खांब दिसला नसता तर बैठकीत अजून वर्षभर नुसताच वाद चालला असता.

तरीपण लगेच मेटाबेसच घेऊ असं मी म्हणलं नाही, कारण ऑफिसमधी डेटाचं काम बघणारी एक मुलगी आहे, लातुरातच बीसीए झालेली, लई हुशार, आणि तिचं मत सुपरसेटच्या बाजूनं होतं. तिचे मुद्दे खरे होते आणि ते इथं नीट लिहिले पाहिजेत.

तिचा पहिला मुद्दा आकड्यांचा. आपल्याकडं १२,३४,५६७ असा स्वल्पविराम पडतो, आणि संचालकांना १,२३४,५६७ दाखवलं की ते बोटानं मोजत बसतात. सुपरसेटच्या कॉन्फिग फाइलमधी आकड्यांचे गट ठरवता येतात, पहिला तीनचा मग दोन-दोनचे, आणि रुपयाचं चिन्ह पण लावता येतं, एकदा केलं की सगळीकडं लागू. मेटाबेसच्या सेटिंगमधी विभाजक निवडता येतात पण लाख-कोटीचा गट आम्ही बसवला त्या आवृत्तीत मिळाला नाही. ऐकायला बारीक गोष्ट वाटेल पण पैशाच्या बैठकीत ती बारीक नसते.

दुसरा मुद्दा जास्त वजनाचा. कुठल्या केंद्राच्या माणसानं फक्त स्वतःच्याच ओळी बघाव्यात, म्हणजे रो लेव्हल सिक्युरिटी, ही सुपरसेटमधी फुकट आहे. रोल बनवा, नियम लिहा, झालं. मेटाबेसमधी तीच सोय पैसे भरून घ्यायच्या आवृत्तीत. मोफत आवृत्तीत केंद्रागणिक वेगळं कलेक्शन (फोल्डरसारखं) बनवून त्यात फक्त त्याच केंद्राचे रिपोर्ट ठेवता येतात आणि बाकीचं लपवता येतं, चालतं, पण नऊ केंद्रांना नऊदा तेच काम, आणि एक रिपोर्ट बदलला की नऊ ठिकाणी बदला.

या मुद्द्यावर आम्ही अडलो होतो. सुटलं कसं तर केंद्रचालकांना विचारून. त्यांना बोलावलं, दोन्ही टूल मोबाईलवर दाखवली, आणि सरळ विचारलं की तुम्ही हे उघडाल का. एक जण म्हणाला, "मॅडम, मी दिवसभर काट्यापाशी उभा ऱ्हातो, हात मातीनं भरलेले, लॉगिन-बिगिन कवा करू? संध्याकाळी ग्रुपवर आमच्या केंद्राचा कागद टाका, चुकलं असलं तर मी लगेच सांगतो." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. म्हणजे चालकांना जिवंत डॅशबोर्ड नकोच होता, त्यांना रोजचा एक पानाचा हिशोब हवा होता. लॉगिन लागणारे उरले ऑफिसातले आणि संचालक, आणि त्यांनी सगळी केंद्रं बघायलाच पाहिजेत. ओळीनुसार परवानगीची गरजच गळून पडली. फीचरची यादी करून बसलो असतो तर याच एका सोयीवर सुपरसेट निवडलं गेलं असतं आणि ती सोय कुणी वापरलीच नसती.

तिसरी गोष्ट चालवण्याची. सुपरसेट नीट चालवायचं तर वेब सर्व्हर, मागं काम करणारा वर्कर, वेळापत्रकवाला प्रोसेस, रेडिस, डेटाबेस, अशी सगळी मंडळी लागतात. डॉकर कंपोझनं (सॉफ्टवेअरचे तयार डबे एकदम चालू करायची पद्धत) घरी उभं करून बघायला सोपं, पण त्यांच्या डॉक्युमेंटेशनमधीच लिहिलंय की प्रॉडक्शनला, म्हणजे रोजच्या खऱ्या कामाला, तसं वापरू नका. विंडोजवर त्याला अधिकृत आधार नाही. मेटाबेस म्हणजे जावाची एक जार फाइल, किंवा डॉकरचा एक कंटेनर. आता ती मुलगी हे सगळं सांभाळू शकते यात मला शंका नाही. पण आप्पांनी परत तोंड उघडलं, "पोरगी हुशार हाय म्हणूनच सांगतो, ती पुण्याला गेली की ह्ये कोण बघल?" लातूरकडं हा प्रश्न प्रत्येक ऑफिसात आहे. हुशार पोरं टिकत नाहीत, आणि टिकावीत म्हणून त्यांना अडकवून ठेवणं पण बरोबर नाही. तिनंच मग मान्य केलं की तिच्या मागं एखादा साधा आयटीवाला येऊन चालवू शकेल असं पाहिजे.

मेटाबेस ठरलं. पण तिची एक अट सगळ्यांनी मान्य केली आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय तोच आहे: हिशोबाचं कुठलंही सूत्र मेटाबेसच्या आत ठेवायचं नाही. निव्वळ वजन कसं काढायचं, कपात कशी, थकलेलं पेमेंट कशाला म्हणायचं, हे सगळं पोस्टग्रेसमधी व्ह्यू (डेटाबेसमधीच साठवून ठेवलेली क्वेरी) म्हणून लिहायचं, आणि टूलनं फक्त ते दाखवायचं. लाखातला आकडा पण तिथंच भागून ठेवलाय, कॉलमचं नावच "रक्कम लाखात". उद्या मेटाबेस सोडायची वेळ आली तर डॅशबोर्ड परत मांडावे लागतील, पण हिशोब परत लिहावा लागणार नाही. तिनं आजही स्वतःच्या लॅपटॉपवर सुपरसेट त्याच व्ह्यूवर जोडून ठेवलंय.

बसवताना काय काय निघालं ते पण सांगतो, कुणाला उपयोगी पडेल.

जार फाइल नुसती चालवली की मेटाबेस स्वतःचा डेटा एच-टू नावाच्या डेटाबेसच्या एका फाइलमधी त्याच फोल्डरात ठेवतं. आपल्याकडं लाइट कधी जाईल सांगता येत नाही, अशी फाइल मधीच खराब झाली तर सगळे रिपोर्ट गेले. पहिल्या दिवसापासनं मेटाबेसचा स्वतःचा डेटा पण पोस्टग्रेसवर ठेवा, आणि रात्री दोन्हीचा बॅकअप. सर्व्हर ऑफिसात न ठेवता भाड्यानं मुंबईच्या डेटा सेंटरमधला छोटा घेतला, त्याच लाइटच्या कारणानं.

तारखेची भानगड. हंगामात रात्री एक-दोन वाजता पण गाड्या काट्यावर येतात, आणि काकांच्या लक्षात आलं की डॅशबोर्डवरची दिवसाची बेरीज काट्याच्या वहीशी जुळेना. कारण वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) धरली जात होती, तिथला दिवस आपल्याकडच्या पहाटे साडेपाचला सुरू होतो, म्हणून रात्री बारा ते साडेपाचच्या गाड्या आदल्या तारखेला पडत होत्या. मेटाबेसमधी रिपोर्टचा टाइमझोन आशिया-कोलकाता करायची सेटिंग आहे, ती केली, आणि शिवाय व्ह्यूमधीच "खरेदी दिनांक" असा साधा कॉलम दिला, म्हणजे टूल कुठलंही असो, तारीख एकच.

गावांची नावं हा सगळ्यात मोठा घोळ. मुरुड, मुरूड, रोमन अक्षरात दोन तऱ्हा, हे सगळं एकच गाव पण चार्टवर चार बार. गावांचा एक मास्टर टेबल केला, केंद्रावर यादीतनंच निवडायचं, हातानं टाइप करणं बंद. जुन्या वर्षांच्या एक्सेल फाइली तर युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टात टाइप केलेल्या, त्या डेटाबेसमधी घेतल्या की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी, कारण त्या फॉन्टात आत इंग्रजी अक्षरंच असतात, वरनं फक्त मराठी दिसतात. त्या आधी कन्व्हर्टरमधनं काढून, मग डोळ्यानं तपासून घ्याव्या लागल्या. युनिकोडमधली मराठी मात्र दोन्ही टूलच्या स्क्रीनवर नीट दिसते. सुपरसेटनं आपोआप ईमेलला पाठवलेल्या चित्रात मराठीच्या जागी चौकोन आले होते, त्याचं कारण सर्व्हरच्या कंटेनरमधी देवनागरी फॉन्टच नसतो, नोटो सॅन्स देवनागरी टाकला की झालं.

टॅली आणि काटा जोडायला टूलचा काही संबंध नाही, ते शिस्तीचं काम आहे. टॅलीत खरेदीची नोंद करताना रेफरन्सच्या जागी पट्टी नंबर लिहायचा, काही झालं तरी लिहायचा, एवढा एक नियम काकांनी स्वतःवर लावून घेतला आणि त्याच एका नंबरवर सगळं उभं आहे. तो नसता तर थकलेल्या पेमेंटची यादी निघालीच नसती.

सुरक्षेचं बोललंच पाहिजे. जुलै २०२३ मधी मेटाबेसमधी एक गंभीर भोक सापडलं होतं, लॉगिन न करता बाहेरचा माणूस सर्व्हरवर आज्ञा चालवू शकत होता, पॅच लगेच आला पण ज्यांनी अपडेट केलं नाही ते उघडे राहिले. त्याच वर्षी सुपरसेटचं निघालं की लई जणांनी बसवताना येणारी मूळ सिक्रेट की (लॉगिन खरं आहे का ते ठरवणारी गुप्त किल्ली) बदललीच नव्हती, आणि ती की जगाला माहिती. म्हणजे कुठलंच टूल धुतल्या तांदळाचं नाही. इथं सर्व्हर उघड्या इंटरनेटवर ठेवलेलाच नाही, ऑफिसची मशीन आणि संचालकांचे मोबाईल व्हीपीएनवरनंच, म्हणजे बंदिस्त खाजगी जोडणीतनंच, आत जातात. संचालकांनी कुरकुर केली, पण शेतकऱ्यांचे खाते नंबर आहेत म्हणल्यावर कुणी पुढं बोललं नाही. मेटाबेसला डेटाबेसचा जो युजर दिलाय तो हिशोबाचे टेबल फक्त वाचू शकतो, त्यात लिहू शकत नाही, लिहायची परवानगी फक्त बाजारभावाची फाइल चढवायच्या वेगळ्या कप्प्यात. आणि अपडेटची तारीख मुलीच्या आणि काकांच्या, दोघांच्या मोबाईलमधी लावलेली आहे.

आता संध्याकाळी सातला काका डॅशबोर्ड उघडतात, केंद्रागणिक पीडीएफ काढतात, ग्रुपवर टाकतात. मेटाबेस ईमेलला आपोआप पाठवतं, पण आपल्याकडं ईमेल बघतो कोण, आणि व्हॉट्सॲपची सोय त्यात नाही, म्हणून हे हातानंच. अकरा-बारा मिनिटांचं काम असेल, फोनाफोनी बंद झाली. बाजार समितीचा भाव सीएसव्ही फाइलनं स्वतः काकाच चढवतात, ती सोय मेटाबेसमधीच आहे. थकलेल्या पेमेंटची यादी मॅडम रोज सकाळी पहिली उघडतात, जुनं नाव सगळ्यात वर, आणि बँकेत माणूस पाठवतात.

काय झालं नाही ते पण लिहितो. बारदान्याचा हिशोब अजून एक्सेलमधीच आहे, कारण रिकामे कट्टे कुणी मोजून परत नोंदवत नाही. आणि मंडळानं आता नवीन मागणी केलीये, सभासद शेतकऱ्याला त्याच्याच मोबाईलवर त्याची पट्टी आणि पैशाची स्थिती दिसावी. मागणी एकदम बरोबर आहे. पण त्यासाठी मेटाबेसही नको आणि सुपरसेटही नको असं मी लेखी दिलंय. मेटाबेसच्या मोफत आवृत्तीत फिल्टर लॉक करून चार्ट दुसऱ्या ॲपमधी बसवता येतो, पण ते ॲप आणि त्याचं लॉगिन आधी लिहावं लागेल, आणि सुपरसेटमधी एवढ्या शेतकऱ्यांची खाती उघडून पासवर्ड विसरला म्हणून रोज फोन घेत बसायचं का? शेतकऱ्याला चार्ट नकोय. पट्टी झाली की एक मेसेज, पैसे गेले की एक, आणि परत आले तर का आले ते मराठीत सांगणारा तिसरा. हा तिसरा मेसेज सगळ्यात आधी करायचा असं मुलीनं सांगितलंय, थकलेल्या पेमेंटचा व्ह्यू तयार असल्यामुळं त्याला वेगळं काही लागत नाही. तुरीची खरेदी सुरू व्हायच्या आत तो चालू करायचं ठरलंय.